कंपनीचाच स्क्रू

गावाचं नाव सांगत नाही. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, उगाच एकाच गावाची बदनामी कशाला? तर अशा एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे लहान नव्हे. त्याला मिशा होत्या, बायको होती, आणि बायको वैतागून माहेरी गेलेली होती. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. सगळा घोटाळा तिथंच व्हायचा.

केरबा राहायचा बहिणीकडं, आक्कांकडं. बहिणीचे यजमान तात्यासाहेब इंगवले. फाउंड्री मुलांच्या हाती सोपवून तात्या मोकळे झाले होते, आणि मोकळ्या माणसाला कसलं ना कसलं वेड लागतंच. तात्यांना वडलांच्या गाडीचं लागलं. गाडी लाल, अमेरिकन, दोन दारांची. बॉनेट एवढं लांब की वळणावर गाडी आधी पोचायची आणि तात्या मागाहून. पोटात आठ सिलिंडर. सुरू केली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरायच्या. वडील गेले तेव्हा ही गाडी विटांवर उभी होती. जाताना ते एवढंच म्हणाले, "गाडी होती तशी कर."

तात्यांनी ती केली. रस्त्यावर आणली. पण 'होती तशी' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. जिल्ह्याच्या गावी दरवर्षी जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा. जी गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी असेल, तिला चांदीची ढाल. गेल्या साली तात्यांची ढाल एका स्क्रूवरून हुकली. पुण्याचे परीक्षक दामले कपाळाला बॅटरी बांधून गाडीभर फिरले, हेडलाइटपाशी थांबले आणि म्हणाले, "कडीचा हा एक स्क्रू कंपनीचा नाही." गाडी कशी पळते, हे त्यांनी विचारलं नाही. ढाल शेजारच्या तालुक्यातल्या रणदिव्यांकडं गेली. तात्या घरी येऊन न जेवता झोपले. वडलांना दिलेला शब्द त्या बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूनं खोटा पाडला, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

यंदा तो स्क्रू मिळवायचाच, असं त्यांनी ठरवलं. आणि हिंडायला घरात रिकामा माणूस एकच होता.

तात्यांनी दुसऱ्या हेडलाइटचा एक स्क्रू काढून केरबाच्या हातावर ठेवला.

"हा नमुना. जुन्या बाजारात जा आणि अगदी असाच आण. ह्याच्यात आणि त्याच्यात केसाचासुद्धा फरक नको."

"बरं, दाजी."

केरबा गेला आणि नशिबानं त्याला स्क्रू मिळाला. जुन्या काळचा, कंपनीचा, डबीत बसून राहिलेला, लख्ख. पण नमुन्याचं टोक जरा वाकलेलं होतं आणि डोकं झिजलेलं होतं. केरबा तिथंच दगडावर बसला. हातोडी मागून घेतली, नव्याचं टोक वाकवलं, डोकं कानशीनं घासलं. केसाचा फरक ठेवला नाही.

तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरं शाण्या, कोरा माल होता तो! डबीतला माल आपण फोडायचा नसतो. सील न मोडता, जसा मिळाला तसा हातात आणून द्यायचा. कळलं?"

"कळलं, दाजी. आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं. विसरला असता तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात दामले स्वतः घरी आले. परीक्षक घरी येणं म्हणजे साक्षात देवच येणं. तात्यांनी त्यांना बैठकीत बसवलं आणि आत हाक मारली, "केरबा, साहेबांना चहा आण."

केरबानं ट्रे आणला. त्यात चहापावडरचा पुडा, साखरेचं पाकीट, दुधाची पिशवी. सगळं सीलबंद.

"हे काय?" दामले म्हणाले.

"चहा," केरबा म्हणाला. "फोडलेला न्हाई. बघून घ्या."

दामल्यांनी सवयीनं पुडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "छपाई अलीकडची आहे." चहा न घेताच ते गेले. तात्यांनी पुन्हा कपाळावर हात मारून घेतला.

"अरं मर्दा, कुठलीही वस्तू दुसऱ्याला द्यायच्या आधी उघडायची असते! तिचं जे काम आहे ते तिच्याकडनं करून घ्यायचं, आणि मग द्यायची."

"आदी काम करून घ्यायचं. ध्यानात ठेवतो, दाजी."

मग तात्यांना फ्यूज हवे झाले. काचेच्या नळीतले, कंपनीचं नाव कोरलेले. कुठल्याशा गॅरेजवाल्याकडं त्यातले डबीभर शिल्लक असल्याचं कळलं. केरबा गेला. डबी घेतली. उघडली. मग त्यानं गॅरेजवाल्याला विचारलं, "ह्याचं काम काय असतं?"

"करंट जास्त झाला की जळायचं," गॅरेजवाला म्हणाला.

केरबानं वायरचे दोन तुकडे मागितले आणि कोपऱ्यातल्या बॅटरीला एक फ्यूज लावला. फट्. चांगला निघाला. दुसरा लावला. फट्. तोही चांगला.

संध्याकाळी त्यानं डबी तात्यांपुढं ठेवली. "एकबी खोट न्हाई, दाजी. सगळे झकास जळले."

तात्या एकेक काळी नळी उजेडाला धरून बघत बसले. तोवर आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. भावाची बाजू त्यांनी कधी सोडली नव्हती. "एवढासा फ्यूज तो, जळला तर जळला," त्या म्हणाल्या. "माणसापरास मोठा हाय का?"

बायकोपुढं काही चालत नसलं की माणूस मेहुण्याला शिकवत बसतो. तात्या म्हणाले, "केरबा, ह्यापुढं तू कशालाही हात लावायचा नाहीस. जायचं, नीट बघायचं आणि परत येऊन सांगायचं. बाकी माझं मी बघीन."

"बरं, दाजी. हात लावत न्हाई."

आता योगायोग बघा. लगेचच बातमी आली, घाटाखालच्या एका भंगारवाल्याकडं तसलीच अमेरिकन गाडी येऊन पडली आहे. तात्यांना ताप होता. त्यांनी केरबाला पिटाळलं. केरबा गेला आणि दिवस मावळताना परत आला, तोंड भरून हसत.

"हाय की, दाजी! हिरवी हाय. लई देखणी. मी सगळीकडनं बघितली."

"हेडलाइटच्या कडीचे स्क्रू?"

"हायत की! सगळेच्या सगळे. नमुन्यावाणी."

"मग दे इकडं!"

"हात लावू नको म्हणालासा न्हवं?" केरबा म्हणाला. "तेवढ्यात एक भला माणूस आला. त्यालाबी मीच दाखिवले. त्यानं काढून नेले सगळे. रणदिवे म्हणून कोणतरी होते."

त्या रात्री तात्यांचा ताप वाढला.

मेळावा तोंडावर आला. स्क्रूचा पत्ता नव्हता. गाड्या आदल्या दिवशीच नेऊन लावायचा नियम, म्हणून तात्यांनी गाडी जिल्ह्याच्या गावी नेली, मैदानावर रांगेत उभी केली आणि वर खोळ घातली. केरबा दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.नं आला. त्याच गावात एक मोठा भंगारबाजार होता. शेवटची आशा म्हणून तात्यांनी त्याला मैदानाच्या फाटकावर, राखणदाराच्या देखतच बाजूला घेतलं. मागच्या सगळ्या चुका त्यांना आठवत होत्या, त्यामुळं ह्या खेपेला त्यांनी काही म्हणता काही सुटू दिलं नाही.

"नीट ऐक. नमुना घे, डिसमिस घे, पाना घे. गाडीकडं बघत बसायचं नाही. ती लाल का हिरवी, देखणी का फुटकी, आपल्याला काय करायचंय? खाली वाकायचं आणि स्क्रू बघायचा. नमुन्याशी जुळला की काढायचा. आणि एकावर थांबायचं नाही. स्क्रू, वायसर, क्लिपा, बटणं, अस्सल दिसंल ते सगळं काढून आणायचं. मागं कोण येतोय त्याच्यासाठी काही ठेवायचं नाही. पडला उजेड?"

"पडला, दाजी. गाडीकडं बघायचंच न्हाई."

दुपारी तात्या मैदानासमोरच्या खानावळीत जेवायला बसले. शेजारी दामले होते. जेवण उरकलं की परीक्षण सुरू होणार होतं. तात्या नुसताच भात चिवडत होते. एक स्क्रू सोडला तर त्यांच्या गाडीत नाव ठेवायला जागा नव्हती, हे दामलेही मान्य करत होते. पण तो एक स्क्रू सोडायला दामले तयार नव्हते.

तेवढ्यात दारात केरबा दिसला. घामाघूम. खांद्यावर भरलेलं पोतं.

"भंगारवाल्याकडं काय न्हवतं, दाजी. पर येताना वाटंत एक गाडी घावली. सगळा माल जुळला!"

त्यानं पोत्यातून एक स्क्रू काढून टेबलावर ठेवला. दामल्यांनी ताट सारलं, भिंग लावलं आणि कपाळावरची बॅटरी पेटवली. खानावळीतली माणसं घास हातात धरून बघत राहिली.

"कंपनीचा," दामले म्हणाले. "शंभर टक्के."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी केरबाला मिठी मारली. गावात कुणाचा विश्वास बसला नसता, पण मारली.

केरबाला जोर चढला. तो पोत्यातून एकेक वस्तू काढू लागला. दाराच्या मुठी. काच खालीवर करायची बटणं. मूठमूठ क्लिपा. आरसा. रेडिओच्या चकत्या. दामले प्रत्येक वस्तूवर भिंग धरत होते आणि "वा!" म्हणत होते. तात्याही हरखले होते. एक मूठ हातात घेऊन ते म्हणाले, "माल असावा तर असा! रणदिव्याच्या सात पिढ्यांत कुणी बघितला नसंल."

शेवटी केरबानं बॉनेटखालची एक पट्टी काढली. पट्टीच्या कडेला लाल रंगाचा एक ओघळ सुकलेला होता.

दामले उभेच राहिले. "हा ओघळ बघा, तात्यासाहेब! कारखान्यात रंग मारताना घाईत सुटलेला. असा ओघळ माणसाला मुद्दाम काढता येणं शक्य नाही."

तात्यांनी पट्टी हातात घेतली. ओघळाकडं बघितलं. तो त्यांनी स्वतः, चष्मा लावून, बारीक ब्रशनं, अख्खी दिवाळी खर्चून काढलेला होता.

"केरबा," तात्या हळूच म्हणाले, "ही गाडी कुठं होती?"

"ही काय, समोरच्या मैदानात. खोळीत. मी आत शिरलो आणि खालमानेनं सुटलो. वर बघितलंच न्हाई."

"आणि राखणदार?"

"लई चांगला माणूस, दाजी. खोळीत अंधार, तर त्यानंच कंदील धरला. म्हणाला, घरच्याच गाडीचं काम हाय, तुम्हाला कोण अडवतंय? लई गोड बोलत्यात बगा हितली माणसं."

केरबानं पोतं झटकलं. तळाशी राहिलेला शेवटचा वायसर टेबलावर ठेवला. मग त्याला जरा वाईट वाटल्यासारखं झालं.

"आपलं काम झालं खरं," तो म्हणाला. "पर त्या गाडीत आता राम ऱ्हायला न्हाई. दारं तर हात लावला की खाली येत्यात. जो कोण मालक आसंल, त्यो बिचारा डोस्क्याला हात लावून खालीच बसंल, दाजी."

तात्या बसलेच होते.