तणपरीचा माठ

डोंगराच्या कुशीत, जिथे ऊनसुद्धा दबकत दबकत येतं, तिथे एक इवलीशी बाग होती. बागेत केशरी अबोली, टोकाला चंद्रमौळी झोपडी आणि झोपडीत सगुणा नि तिची आई. बाग देवळाची. देवीला रोज अबोलीची वेणी द्यायची आणि त्याबदल्यात झोपडीत राहायचं, असं ठरलेलं. पण यंदा अबोली पिवळी पडली. कळ्या धरेनात, वेणी दिवसेंदिवस बारीक होत चालली. आई तापाने अंथरुणाला खिळलेली. "वेणी चुकली तर छप्पर गेलं गं बाळा," ती म्हणायची.

सगुणा एकटीच बागेतलं तण काढायची. केना, आघाडा, एकदांडी. उपटण्याआधी प्रत्येक रोपाला म्हणायची, "रागावू नको हं." तणाशी असं कुणी बोलतं का? सगुणा बोलायची. वेडीच होती जरा!

एकदा तिन्हीसांजेला उपटलेल्या तणाचा ढीग हलला. वारा तर नव्हता. ढिगातून करंगळीएवढी परी वर आली. हिरवीगार ओढणी, कानांत दवाचे चमचमते डूल, आणि चेहरा मात्र मुळासारखा पांढराफटक. पावलांच्या जागीही मुळंच होती.

सगुणा दोन पावलं मागे सरली.

"सगळे आम्हाला शिव्या देऊन उपटतात. तू तेवढी गोड बोलतेस," परी पुटपुटली. "माग, काय हवं?"

"माझी अबोली जगू दे."

"जगेल. पण त्यासाठी आम्हाला माठात बुडवावं लागेल." परी हसली, तसा सगळा ढीग सळसळला. "बी धरलेलं तण घेऊ नकोस, ते पुन्हा उगवतं. माठ झाकून ठेव, रोज सकाळी काठीने ढवळ. आणि तिन्हीसांजेला आतून कुणीही हाक मारो, झाकण उघडायचं नाही. उघडलंस की माठ रिकामा!"

सगुणाने तण चिरून झोपडीच्या दारातल्या माठात भरलं, वर पाणी ओतलं. टुपकन परीही आत गेली.

संध्याकाळी माठ बुडबुडू लागला. मग बारीक बारीक आवाज आले. "सगुणा, अंधार आहे गं! काढ ना बाहेर!" दुसऱ्या दिवशी तर आईचाच आवाज आला. "बाळा, मी आत पडले!" सगुणाने मागे पाहिलं. आई अंथरुणावर शांत झोपली होती. तरी तिचा हात झाकणाकडे गेलाच.

तेवढ्यात तिला आईची शिकवण आठवली. तिन्हीसांजेला झाडं झोपतात, त्यांना हात लावू नये.

"झोप येत नाहीये होय तुम्हाला?" ती म्हणाली. भीती वाटत होती, तरी तिने माठाला मिठी मारली आणि अंगाई म्हटली. हळूहळू आवाज निवले. मग रोज संध्याकाळी ती माठापाशी बसून गाऊ लागली.

एका सकाळी बुडबुडे थांबले. झाकण काढताच असा वास सुटला की विचारू नका! पण सगुणाने 'छी' म्हटलं नाही. काळ्याभोर पाण्यातून परी कुजबुजली, "या पाण्याच्या एका तांब्याला दहा तांबे साधं पाणी मिसळ. अबोलीला नुसतंच पाजलंस तर मुळं जळतील."

सगुणाने तसंच केलं. हळूहळू अबोली हिरवी झाली, कळ्यांनी लगडली. भरगच्च वेणी पाहून देवळातले गुरवबाबा म्हणाले, "पोरी, झोपडी तुमचीच." त्या आनंदात आई उठून बसली. त्याच क्षणी माठातून हिरवा-सोनेरी उजेड उसळला आणि परी त्यात विरून गेली.

सगुणाला रडू आलं. तिन्हीसांजेला ती अबोलीपाशी जाऊन हळूच म्हणाली, "परी, रागावलीस का गं?"

पानापानांतून माठातलेच बारीक आवाज आले. "नाही गं रागावलो. अंगाई म्हण ना!"

सगुणाने फुलांना हात लावला नाही. ती तिथेच मांडी घालून बसली आणि गाऊ लागली.