तिच्या आवडीचा पदार्थ

एकदा एका पेठेच्या गावात साथ आली. बाजार बंद झाला, देवळांची दारे लागली, आणि ज्यांनी भर दुपारी स्वतःचे घर कधी पाहिले नव्हते असे पुरुष घरात बसले. घरात बसलेल्या माणसाला आधी झोप येते, मग कंटाळा येतो, आणि काही दिवसांनी तो कंटाळ्यालाच भूक म्हणू लागतो. त्या गावातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी नेमके हेच झाले.

व्यापारी तसा सज्जन होता. बायकोवर त्याने कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. एवढ्यावर आपण उत्तम पती ठरतो अशी त्याची समजूत होती, आणि ही समजूत फार दुर्मीळ आहे असे नाही. दुकान चालू होते तेव्हा तो दुपारचा डबा गल्ल्यावरच खाई. आता तो आणि त्याचे दोन तरणे मुलगे दिवसभर स्वयंपाकघराच्या आसपास घुटमळू लागले. व्यापाऱ्याला आमटीत गूळ हवा. थोरल्याला गुळाचा वासही खपत नसे. धाकट्याची पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, जरा निवली की तो ती बाजूला सारी. चार वाजले की तिघांनाही तोंडात टाकायला काहीतरी चमचमीत लागे. घरधनीण सगुणाबाई एकाच चुलीवर दोन आमट्या करी, तळण तळी, पुन्हा रात्रीची कणीक मळायला घेई. गाव भीतीने अर्धपोटी होते आणि या तिघांची अंगे भरली.

सगुणाबाई मात्र वाळत चालली. वैद्याने तिची पापणी ओढून पाहिली आणि विचारले, "अंगात रक्तच नाही. खातात काय या?"

"खाते की," व्यापारी म्हणाला. "आमच्या घरात काय कमी आहे?"

साथ ओसरली, दुकाने उघडली, आणि एके सकाळी सगुणाबाई उठली नाही. साथ तिला शिवलीही नव्हती.

दहाव्याला सगळे नदीच्या घाटावर जमले. भटजींनी पिंड मांडला. समोरच्या करंजावर कावळे होते, पण एकही खाली येईना. आपल्याकडे अशा वेळी जिवंत माणसे गेलेल्या माणसाशी मोठ्या आपुलकीने बोलू लागतात. व्यापाऱ्याने हात जोडले. "धाकट्याचं लग्न थाटात करीन गं, काळजी करू नकोस." कावळे हलले नाहीत. "तुझ्या नावानं घाटाला नव्या पायऱ्या बांधीन." नाहीच. मुलांनी आम्ही भांडणार नाही, वेगळे होणार नाही, असे सगळे सांगून पाहिले. ऊन चढले. पिंडाचा भात वरून सुकू लागला.

"खाण्याची काही इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले. "त्यांच्या आवडीचं काहीतरी आणून ठेवा."

मुलगे गावात धावले. हलवायाकडून जिलबी आणली, शेजारणींकडून अळूवड्या आणि घारगे आणले. पिंडाशेजारी पाने मांडली. सगळे पिंडाभोवती घेर करून उभे राहिले. कावळे वरूनच ओरडत होते.

"जिलबी तर तिला फार आवडायची," व्यापारी पुटपुटला.

"बाबा, जिलबी तुम्हाला आवडते," थोरला हळूच म्हणाला.

"मग अळूवड्या?"

"त्या ती माझ्यासाठी करायची."

"घारगे?"

घारगे धाकट्याच्या आवडीचे होते आणि तो खाली मान घालून उभा होता. व्यापारी मेहुण्याकडे वळला. "तुम्ही तिचे भाऊ. तुम्ही तरी सांगा, माहेरी काय आवडीनं खायची?"

मेहुण्याने पुष्कळ आठवून पाहिले. "आमची आई लवकर गेली," तो म्हणाला. "सगुणाक्काच आम्हाला करून वाढायची. तिला काय आवडायचं ते... नाही बुवा माहीत."

भटजींनी घड्याळाकडे पाहिले आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. तशी शास्त्रात सोय आहे. पण व्यापाऱ्याने त्यांचा हात धरला. "नको हो. दर्भाचा नको," तो रडत म्हणाला. "खरा कावळा आला नाही तर ती माझ्या घरातून उपाशी गेली असं होईल. ते घेऊन मी कसा जगू?"

शेजारच्या पायऱ्यांवर एक वृद्ध साधुपुरुष आपल्या शिष्याबरोबर धोतरे धूत होता. व्यापारी धावत जाऊन त्याच्या पाया पडला. "महाराज, काहीतरी तोड सांगा."

वृद्ध ओल्या पायांनी आला. त्याने पानांकडे पाहिले. "हे सगळं त्या कुणासाठी करायच्या?"

तिघांनी बोटाने आपापले पान दाखवले.

"मग ज्याचं त्यानं उचला. वरच्या पायरीवर बसा आणि जेवा."

भटजी चमकले. "महाराज, कावळा शिवण्याआधी घास घ्यायचा नसतो!"

वृद्धाने त्यांना उत्तर दिले नाही. त्याने व्यापाऱ्याला विचारले, "घरात त्या कधी जेवायला बसायच्या?"

"आमचं झालं की. रोज म्हणायची, तुम्ही बसा, मी बसते मागून."

"मग आजच तुमच्याआधी कशा बसतील?"

तिघे वरच्या पायरीवर जाऊन बसले, बाकीचे लोकही त्यांच्या मागे सरकले. व्यापाऱ्याने जिलबीचा तुकडा तोंडात घातला. धाकट्याने घारगा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. तेवढ्यात करंजावरून एक कावळा उतरला, इकडेतिकडे पाहत पिंडापाशी आला आणि त्याने चोच मारली.

"शिवला! शिवला!" लोक म्हणाले. भटजींनी सामान आवरायला घेतले. ज्याला त्याला घरी जायची घाई होती. व्यापारी मात्र पाकाने चिकट झालेल्या हातांनी वृद्धापुढे येऊन उभा राहिला. "महाराज, तृप्त झाली ना ती?"

"मला काय ठाऊक?" वृद्ध म्हणाला. "तुम्ही पिंडाला घेरून उभे होता, पाखरू भ्यायलं. तुम्ही वर गेलात, ते खाली आलं. कावळ्याचं पोट भरलं, एवढंच मी सांगू शकतो. तुम्हाला वर बसवलं ते कावळ्यासाठी नव्हे, शेटजी. मागून बसणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते जेवता जेवता तुम्हाला एकदा दिसावं म्हणून. ते बघा. भाताचा एक गोळा, तोही वाळलेला. रोज असंच काहीतरी असणार. तुम्ही दुष्ट नव्हता. पोट भरलं की तुम्ही हात धुऊन उठत होता, आणि तुमच्यामागून मांडलेलं त्यांचं पान कुणी पाहत नव्हतं."

"पण तिला आवडायचं काय?" व्यापाऱ्याने विचारले. "तेवढं कळलं तर दरवर्षी तिथीला करीन."

"ते त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. साथीत तुम्ही सगळे घरातच तर होता. विचारायचं होतं."

व्यापारी पायरीवर मटकन बसला. मुलांनी पाने गोळा केली, त्याला उठवून पाहिले, आणि मग तेही त्याच्याजवळ बसून राहिले.

वृद्ध आणि शिष्य परतीच्या वाटेला लागले. शिष्य आता तरुण राहिला नव्हता, त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. गुरूचे दात गेल्यापासून तो सकाळी नाचणीची आंबील करी आणि संध्याकाळी मऊ भात. गुरूला वाढून झाले की उरलेले तोही तेच खाई. बरेच अंतर दोघे चालले. मग वृद्ध वाटेतच थांबला.

"काय रे," त्याने विचारले, "तुला काय आवडतं खायला?"

शिष्य हसला. "मला काय, महाराज, सगळं चालतं."

"चालतं ते नाही विचारलं."

शिष्याने तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले की आपल्याला सांगता येत नाही. काहीतरी होते खरे, पूर्वी कधीतरी. त्याची चवही नीट आठवेना, नावही आठवेना. त्याने गुरूकडे पाहिले. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

"आश्रमात आलास त्याच दिवशी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "चुकलं माझं."

त्याने शिष्याच्या खांद्यावरचे ओल्या धोतरांचे ओझे उतरवून आपल्या हातात घेतले. "आठव सावकाश," तो म्हणाला, आणि उन्हात तसाच उभा राहिला.