कुठंतरी पाणी मुरतंय

पांघरूण नीट घ्या आधी. ठकू, पाय आत. आणि बन्या, तोंड का मिटून बसला आहेस असा? काही नाही ना? बरं. माझं लक्ष आहे हं.

एक होता राजा. पण ही गोष्ट राजाची नाही बरं का, राजाच्या मुकादमाची आहे. फार लांब, मिसर देशात, नाईल नदीच्या काठी, पार जुन्या काळी. तेव्हा तिथं राजे स्वतःसाठी दगडांचे डोंगर बांधायचे. पिरॅमिड म्हणतात त्यांना. खाली चौकोनी, वर टोक. मेल्यावर राजाला तिथं ठेवायचं, म्हणून जिवंतपणीच बांधायला घ्यायचे. वीस-वीस वर्षं चालायचं ते काम.

तर या कामावर एक मुकादम होता. नाव त्याचं सेनबी. माणूस कामाचा पक्का, पण स्वभाव भारी संशयी. भाकरीचा पहिला तुकडा मांजराला घालायचा. मांजर जगलं की मग स्वतः जेवायचा. चपला काढल्या की डोक्याखाली घेऊन झोपायचा. कोणी हसलं की याला वाटायचं, आपल्यालाच हसतात. कोणी गप्प बसलं की वाटायचं, काहीतरी शिजतंय. आणि एक वाक्य सतत तोंडात, "कुठंतरी पाणी मुरतंय!"

हसू नका. त्यालाही कारण होतं. त्याचा थोरला भाऊ याच कामावर होता. एकदा दोर ओढून न बघता त्यानं दगड उचलायला लावला. दोर तुटला, आणि भावाचा पाय कायमचा गेला. त्या दिवसापासून सेनबी प्रत्येक दोर तीनदा ओढून बघायचा. मग हळूहळू तो माणसांनाही तसाच ओढून बघायला लागला.

आता दगड न्यायचे कसे? होडीतून नदीकाठी यायचे. तिथून वाळूतून ओढत न्यायचे. चाकं वाळूत रुततात, म्हणून बिनचाकी लाकडी गाडा. खाली दोन जाड गुळगुळीत लाकडं, वर दगड, पुढं दोर, आणि दोराला माणसं. टोळ्या होत्या त्यांच्या. एक ससाणा टोळी आणि एक सुसर टोळी. आपापल्या दगडावर रंगानं नाव लिहायचे, आणि एकमेकांना चिडवायचे.

मग एकदा काय झालं, सेनबीच्या लक्षात आलं, की ससाणा टोळीची चाळीस माणसं घामाघूम होऊन जो दगड ओढतात, तेवढाच दगड सुसर टोळीची वीस माणसं गाणी म्हणत ओढतात. झालं! सेनबीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "कुठंतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला.

पहिल्यांदा त्याला वाटलं, सुसरवाले पोकळ दगड आणत असतील. मग तो दगडावर चढला. लाकडी हातोडीनं इथून तिथून ठोकून बघितलं. कान लावला. दगड आपला भरीव. मग त्यानं अदलाबदल केली. सुसरींचा दगड ससाण्यांना दिला. ससाण्यांना तो हलेना! सुसरी मात्र ससाण्यांचा दगड घेऊन गात गात निघून गेल्या.

मग त्याला वाटलं, यांच्या भाकरीत काहीतरी आहे. दुपारी गुपचूप त्यांच्या टोपलीतल्या चार भाकऱ्या उचलल्या, वर सहा कांदे. सगळं फस्त केलं. अंगात बळ येईल म्हणून वाट बघत बसला. आली काय, तर झोप! उठल्यावर पोट असं टम्म, की वाकून चपलाही घालता येईनात. अशी चोरून खाल्लेली भाकरी कधी अंगी लागत नाही. भाकरीच काय, काहीही लागत नाही. बन्या, मी तुला नाही म्हणत, सगळ्यांनाच म्हणतेय.

आणि मग तिसऱ्यांदा त्याची नजर गेली म्हाताऱ्या हेनूवर.

हेनू सुसर टोळीतला सगळ्यांत म्हातारा माणूस. तोंडात दात नाहीत, डोळ्यांना धूसर दिसायचं. तो दोर ओढायचा नाही. तो गाड्याच्या पुढं चालायचा, खांद्यावर मडकं, आणि वाटेवरच्या वाळूवर पाणी ओतायचा. ससाणावाल्यांना वाटायचं, दगडाची पूजा करतोय, करू दे. त्यांना नदीवरून पाणी आणायचा कंटाळा. पण सेनबी जवळ गेला. मडक्यात नाक घातलं. बोट बुडवून चाटलं. साधं नदीचं पाणी. मग त्यानं कान दिला, तर म्हातारा बोळक्या तोंडानं काहीतरी पुटपुटत होता.

"वेतानं... वेतानं... हां... वेतानं..."

सेनबीच्या अंगावर काटा आला. वेताळ! हा म्हातारा वेताळाला बोलावतोय! वेताळच ओढतोय दगड!

त्यानं विचारलं का म्हाताऱ्याला, की बाबा काय म्हणतोस? नाही. संशयी माणूस सगळीकडं विचारत फिरतो, पण ज्याला विचारायचं त्याला विचारत नाही. तो तडक राजाकडं गेला.

राजा म्हणाला, "पिरॅमिडातल्या माझ्या खोलीवर भुतांनी आणलेला दगड? पुढल्या पौर्णिमेला त्या म्हाताऱ्याला सुसरींच्या डोहात टाका. आणि सेनबी, माझ्या खोलीच्या छताचा तांबडा दगड दक्षिणेहून आलाय ना? पौर्णिमेच्या सकाळी मी येईन. तोवर तो पिरॅमिडच्या चढणीच्या पायथ्याला आला पाहिजे. नाही आला, तर म्हाताऱ्याच्या मागून तू!"

सेनबी परत आला तो पाय ओढतच. हेनूचे हात बांधून त्याला एका झाडाखाली बसवलं. मडकं पुराव्यासाठी काढून घेतलं. पौर्णिमेला उरले होते तीन दिवस.

तो छताचा दगड कसला, धूड होतं! तांबडा, लांबलचक, पंचवीस बैलांएवढा जड. पहिल्या दिवशी सेनबीनं दोन्ही टोळ्यांतली एकूण एक माणसं, इतर कामांवरचीही, जुंपली. शंभर माणसं. दोर तीनदा ओढून बघितले. "ओढा!" गाडा हातभर सरकला आणि थांबला. कोरडी वाळू गाड्याच्या पुढं गोळा झाली, ही एवढी, लोडासारखी. जितकं ओढावं तितका लोड मोठा. मग दोर कुरकुरायला लागले, आणि एका दोराचा पीळ सुटला. सेनबीला भावाची किंकाळी आठवली. तो ओरडला, "थांबा! सोडा!" वाचली माणसं. पण त्या दिवशी काम बंद.

सुसरवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "मुकादम, पाण्याशिवाय नाही व्हायचं हे. हेनूबाबाला सोडा."

सेनबीला वाटलं, हे सगळे सामील आहेत! म्हाताऱ्याला सोडवायलाच मुद्दाम कमी ओढतात. पाणीच हवंय ना? मी घालतो पाणी. आणि म्हातारा थोडंथोडं घालायचा तो नक्की चिकटपणानं, नाहीतर काहीतरी डाव असणार. मी भरपूर घालतो!

दुसऱ्या दिवशी गाढवांवरून घागरीच्या घागरी आल्या. ओत, ओत, ओत! वाटेवर तळंच झालं. मग "ओढा!" म्हटल्याबरोबर गाडा पुढं जाईल की नाही? छे! गाडा खाली गेला. चिखलात निम्मा रुतला. माणसं घसरून एकमेकांवर पडली. गाडा उपसून काढता काढता दिवस मावळला.

बेसनाचा लाडू वळताना बघता ना तुम्ही? तूप कमी पडलं की पीठ भुरभुरतं, वळतच नाही. तूप फार झालं की लाडू ताटात बसका होऊन पसरतो. तसंच आहे ते. लाडू म्हटल्यावर कोण हललं आत्ता? असू दे.

तिसऱ्या दिवशी पहाट झाली तसा सेनबी झाडाखाली गेला. हेनू बसल्या जागी डुलक्या काढत होता. सेनबीनं हळूच हाक मारली, "म्हाताऱ्या, झोप कशी लागते रे तुला? उद्या तुला डोहातल्या सुसरींपुढं टाकणार आहेत."

"रडून झालं रे काल," हेनू म्हणाला. "आता डोळ्यांत पाणी नाही उरलं. कोण, मुकादम ना?"

सेनबी खाली बसला. आणि पहिल्यांदा, बरं का, अगदी पहिल्यांदा त्यानं सरळ विचारलं, "तू वाटेवर काय पुटपुटत होतास? कुठल्या भुताचं नाव ते?"

"भूत? मी कशाला भुताचं नाव घेऊ? मलाच भीती वाटते. मी म्हणायचो, वेतानं."

"तेच! कोण हा वेताळ?"

म्हातारा बोळकं पसरून हसायला लागला. हसता हसता खोकला. "अरे बाबा, दात नाहीत मला, पुटपुटताना ब चा व होतो! वेतानं म्हणजे... व नव्हे रे, ब! बेतानं! चाळीस वर्षं मी इथल्या भट्टीवर पीठ मळलंय. धुरानं डोळे गेले म्हणून इकडं आलो. पिठात पाणी बेतानं घालायचं असतं, नाहीतर भाकरीचं वाटोळं. वाळूचंही तेच. मला दिसत नाही, म्हणून अनवाणी चालतो. पायाला कळतं. आणि हाताला आठवण राहावी म्हणून तोंडानं म्हणतो, बेतानं, बेतानं."

 सेनबीचे कान गरम झाले. पण स्वभाव कुठं जातो? तो म्हणाला, "सोडलं तर तू पळून जाशील."

"पळू कुठं? मला झाड दिसत नाही, नदी दिसत नाही. पहिल्या खड्ड्यात पडेन."

तरीही सेनबीनं काय केलं असेल? दोराचं एक टोक म्हाताऱ्याच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या! आणि मडकं दिलं त्याच्या हातात.

मग दोघं निघाले गाड्याच्या पुढं. हेनू म्हणाला, "चपला काढ, मुकादम. चपलेला वाळू बोलत नाही." सेनबीनं चपला काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाटेवरच सोडल्या. हेनू ओतायला लागला. वेतानं... वेतानं... आणि सेनबीच्या पायांना कळलं. कोरडी वाळू बोटांतून निसटत होती. पाणी मुरलं की तीच वाळू घट्ट होत होती, शेणानं सारवलेल्या अंगणासारखी. सेनबी मागं वळून ओरडला, "ओढा!"

आणि गाडा सरकला! पुढं वाळूचा लोड नाही, खाली चिखल नाही. सर्र... सर्र... सुसरी गायला लागल्या, आणि मग ससाणेही त्यांच्याबरोबर गायला लागले. शंभरातली चाळीस माणसं दोर सोडून नदीवर पाणी आणायला पळाली, तरी दगड थांबेना. बघता बघता दिवस सरला. सेनबी दोर धरून म्हाताऱ्याच्या मागं चालत होता. आता कोणी कोणाला बांधलंय ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

पौर्णिमेच्या सकाळी राजा आला. डोक्यावर उंच मुकुट, मागं पंखेवाले. दगड चढणीच्या पायथ्यापासून दहा पावलांवर होता, आणि येतच होता. राजा गाड्याच्या वाटेतच उभा राहिला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सेनबी! एवढा दगड, आणि साठच माणसं? आणि हा म्हातारा अजून मोकळा? यात कुठंतरी पाणी मुरतंय!"

  सेनबी खोटं बोलला असता तर त्याचं नाव झालं असतं. म्हाताऱ्याचं काय व्हायचं ते झालं असतं. पण त्यानं हात जोडले.

"होय महाराज. मुरतंय. या वाळूत मुरतंय, म्हणून तर दगड चालतोय. भूत नाही, वेताळ नाही. मी ऐकण्यात चुकलो, आणि विचारलं नाही ही माझी दुसरी चूक. डोहात टाकायचं तर मला टाका."

राजाला काही खरं वाटेना. सगळेच राजे संशयी असतात. तो तोंड उघडणार, एवढ्यात मडकं घेऊन येणाऱ्या हेनूला वाटेत काहीतरी पांढरं पांढरं दिसलं. त्याला काय कळतंय राजा आहे म्हणून!

तो खेकसला, "कोण रे तो मध्येच उभा? बाजूला हो बाबा, वाळू सुकतेय!"

पंखेवाल्यांचे पंखे थांबले. सेनबीनं डोळे मिटले.

आणि राजा... राजा बाजूला झाला की! सरकताना त्याची चप्पल निसटली आणि उघडा पाय ओल्या वाळूवर पडला. त्यानं पाय दाबून बघितला. मग कोरडीत टाकून बघितला. पुन्हा ओलीत. लहान मुलासारखा तीनदा करून बघितला. मग तो असा हसला, की मुकुट तिरका झाला.

"सोडा म्हाताऱ्याला," तो म्हणाला. "आणि सेनबी, आजपासून तू त्याचं मडकं भरून आणायचंस."

मग तो दगड वर चढला. पिरॅमिड पुरा झाला. सेनबी दोर मात्र तीनदा ओढूनच बघायचा, तो शेवटपर्यंत. ते बरंच केलं त्यानं. पण भाकरीचा पहिला तुकडा आता मांजराला नाही, हेनूला द्यायचा. विष आहे का बघायला नाही हं, म्हाताऱ्याला मऊ तुकडा लागायचा म्हणून. सगळे भाकरी-कांदा खाऊन सुखानं राहिले, आणि त्यांना रोज गाढ झोप लागली. तशी तुम्हालाही लागू दे.

मिटा डोळे. ठकू, मिटलेल्या डोळ्यांच्या पापण्या अशा थरथरत नसतात. आणि बन्या, उशी सरळ करू दे तुझी. अगं बाई, हे काय हाताला वाळूसारखं लागतंय? मिसर देश इथवर आला की काय? डब्यात संध्याकाळी नऊ लाडू होते, मघाशी आठच दिसले.

आधी सरळ विचारते बाबा, मी काही सेनबी नाही. खाल्लास?

बरं, बरं. खरं बोललास ना, झालं तर. रडायचं नाही. अर्धा उरलाय तो ठकूला दे, बेतानं खा गं, आणि झोपा.