बोंडूची गोधडी

आटपाट घर होतं. घराला एक दार होतं. दाराशी एक कुत्र्याचं पिल्लू होतं. त्याचं नाव बोंडू.

बोंडूची आई पूडल जातीची. बाबा कोण, ते देव जाणे! अंगभर कुरळे कुरळे केस, कापसाच्या बोंडासारखे. म्हणून तो बोंडू. या घरात अगदी नवा.

एकदा काय झालं, बोंडूला शू लागली. तो दाराशी गेला. खर्र खर्र! कुई कुई!

घरातल्या मनवाताईच्या बाहुलीचं लग्न होतं. अंतरपाट धरला होता.

"थांब रे बोंडू! मंगलाष्टकं चालू आहेत!"

बोंडू थांबला. थांबला... थांबला... आणि धावत आपल्या गोधडीवर गेला. शूऽऽऽ!

"शी शी शी! घाणेरडा बोंडू!" ताई ओरडली.

सगळं वऱ्हाड बघायला लागलं. वऱ्हाड म्हणजे दोन बाहुल्या, एक अस्वल आणि एक चमचा. ताईने गोधडी उचलली. मोरीत टाकली. धप्प!

बोंडूला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! कान गरम झाले. मान खाली गेली. शेपूट पायात लपलं.

पण गोधडीशिवाय त्याला झोप कुठे यायची? आईला सोडून आला ना तो! आता गोधडी हीच त्याची कूस.

शेपूट आत, मान खाली. तुरु तुरु तुरु. बोंडू मोरीत गेला.

"गोधडी गोधडी, ये ना!"

गोधडी म्हणाली, "मी नाही जा! माझा वास येतोय. बादली धुवेल, तर येईन."

शेपूट आत, मान खाली. तुरु तुरु तुरु. बोंडू बादलीकडे गेला.

"बादली बादली, धू ना!
शू झाली, लाज आली,
गोधडी येईना!"

बादली म्हणाली, "मी नाही जा! माझं पोट रिकामं. नळ सुटेल, तर धुवेन."

शेपूट आत, मान खाली. तुरु तुरु तुरु. बोंडू नळाकडे गेला.

"नळा नळा, सूट ना!
शू झाली, लाज आली,
गोधडी येईना,
बादली धुवेना!"

नळ म्हणाला, "मी नाही जा! मला कुणी फिरवायला नको? ताई उठेल, तर सुटेन."

ताईकडे जायचं? बाई गं! बोंडूचे पायच उचलेनात. एक पाय पुढे, दोन पाय मागे. पण गोधडी हवी ना? मग?

शेपूट आत, मान खाली. तुरु तुरु तुरु. बोंडू ताईकडे गेला.

"ताई ताई, ऊठ ना!
शू झाली, लाज आली,
गोधडी येईना,
बादली धुवेना,
नळ सुटेना!"

ताई म्हणाली, "मी नाही जा! वऱ्हाडासमोर घाण केलीस. बाहेर जाता येत नव्हतं?"

"गेलो होतो दाराशी," बोंडू पुटपुटला.

"खोटं! दार सांगेल, तर उठेन."

शेपूट आत, मान खाली. तुरु तुरु तुरु. बोंडू दाराकडे गेला.

"दारा दारा, सांग ना!
शू झाली, लाज आली,
गोधडी येईना,
बादली धुवेना,
नळ सुटेना,
ताई उठेना!"

दार म्हणालं, "मी नाही जा! मी आपणहून तोंड उघडत नाही. कडी वाजेल, तर सांगेन."

शेपूट आत, मान खाली. तुरु तुरु तुरु. बोंडू कडीखाली गेला.

"कडी कडी, वाज ना!
शू झाली, लाज आली,
गोधडी येईना,
बादली धुवेना,
नळ सुटेना,
ताई उठेना,
दार सांगेना!"

कडी म्हणाली, "मी नाही जा! एका हाताने टाळी वाजते का? वारा हलेल, तर वाजेन."

शेपूट आत, मान खाली. तुरु तुरु तुरु. बोंडू खिडकीकडे गेला. खिडकीत वारा पेंगत होता.

"वाऱ्या वाऱ्या, हल ना!
शू झाली, लाज आली,
गोधडी येईना,
बादली धुवेना,
नळ सुटेना,
ताई उठेना,
दार सांगेना,
कडी वाजेना!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "कोण ते? खाली बघून बोललेलं मला ऐकू येत नाही. मान वर कर. मोठ्याने सांग. मग हलेन."

आता आली का पंचाईत! मान कशी वर करायची? लाज तर मानेवरच बसली होती. बोंडूने नाक वर केलं. पुन्हा खाली. डोळे वर केले. पुन्हा खाली.

मग त्याला आठवली मोरीतली गोधडी. एकटी. ओली.

बोंडूने मान वर केली. शेपूट बाहेर आलं. आणि या घरात तो पहिल्यांदा भुंकला.

"भू! शू केली मी! भू! पण आधी दाराशी गेलो होतो मी! भू भू भू!"

"आत्ता कसं!" वारा हसला.

वारा हलला. सूंऽऽऽ!

कडी वाजली. खण खण!

दाराने तोंड उघडलं. करर्र करर्र! "ऐक गं मनवा! हा माझ्याकडे आला होता. खर्र खर्र केलं. कुई कुई केलं. तूच म्हणालीस, थांब!"

मंगलाष्टकं थांबली. ताईला आठवलं. अगदी सगळं आठवलं. आता कान कुणाचे गरम झाले? ताईचे! मान कुणाची खाली गेली? ताईची! बाहुल्या बघत होत्या. अस्वल बघत होतं. चमचासुद्धा बघत होता.

ताई बोंडूजवळ बसली. अगदी हळू म्हणाली, "बोंडू, शू तुझी, पण चूक माझी."

ताई उठली. टण्‌कन!

नळ सुटला. धो धो धो!

बादलीने धुतलं. घुसळ घुसळ घुसळ!

गोधडी उन्हात गेली. लोंबली, झुलली, वाळली. मग दोरीवरून उतरली. फड फड! "आले रे बोंडू!"

बोंडूने गोधडी हुंगली. सूं सूं सूं. एक गिरकी घेतली. दोन गिरक्या घेतल्या. मधोमध बसला.

ताई लांब उभी होती. पायाच्या अंगठ्याकडे बघत. तिने विचारलं, "बोंडू, मी पण येऊ?"

बोंडूने थोडा विचार केला.

मग तो सरकला. थोडासा. ताईपुरता.

गोधडी वाळली, गोष्ट सरली, कुशीतली पिल्लं गाढ निजली.