ऑफिसखालचा प्लॉट

पूर्वेला स्वयंपाकघर, ओट्यासमोर खिडकी! कुसुमताईंनी घराचा नकाशा तर पक्का केला होता. आता प्लॉट निवडायला त्या जगदाळेशेठच्या चढावरच्या ऑफिसात हरखून बसल्या होत्या.

शेठनी मात्र समोरच्या लेआउटवर ओढ्याकाठचा, सखल प्लॉट बोटाने दाबून धरला. "ताई, माझ्याकडे डावं-उजवं नाही. सगळे प्लॉट सारखे. डोळे मिटून घ्या."

"मग आत्ता आपण बसलोय तोच द्या."

शेठ गडबडले. "हा माझ्या बंगल्यासाठी राखलाय."

"सगळे सारखेच, तर तुम्ही बांधा की ओढ्याकाठी. पावसाळ्यात आम्ही वरून हाक मारत जाऊ."

शेठचं बोट गुपचूप ओढ्यावरून उठलं आणि ऑफिसशेजारच्या प्लॉटवर येऊन टेकलं.

ताईंच्या खिडकीतून आता ओढा दिसणार होता, पण लांबून.