रिकाम्या जंगलातलं अस्वल

ऐनाच्या खोडावर लाल फुली दिसली, तशी केतकी दचकली. पाहते तो फर्लांगभर प्रत्येक झाडावर तीच फुली! सरकारी जंगल खाणीला जाणार होतं.

आमदार दाजीसाहेबांनी विधानसभेत आवाज उठवून ते वाचवावं म्हणून तिने फोनवर फोन केले, कुणी उचलेना. शेवटी जंगलालगतच्या गावात दाजीसाहेबांची सभा होती, तिथे उभं राहून तिने जंगल वाचवायची मागणी केली.

"अगं पोरी," दाजीसाहेब हसले, "त्या जंगलात आहे काय? चिटपाखरूसुद्धा नाही!"

"मग साहेब, पलीकडच्या झऱ्यापर्यंत एकटे चालत जाऊन या. आलात, की आम्ही गप्प बसू."

दाजीसाहेबांनी झाडीकडे पाहिलं. "एकटा? आणि अस्वल आडवं आलं तर?"

"तेच तर वाचवायचंय, साहेब!"

सभा पोट धरधरून हसली.

दुसऱ्या दिवशी केतकीने भीतभीतच फोन लावला. पहिल्याच घंटीला दाजीसाहेबांचा आवाज आला, "बोला केतकीताई! अधिवेशनात काय काय मांडायचं?"