ज्यानं बांधला, त्यानंच फोडला

तुमच्या आजोबांना अजून मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मागं बसलेल्यांना ऐकू येत नसेल तर पुढं सरका, आणि मध्येच "हे खरं का?" म्हणून विचारू नका. त्यातलं खरं किती आणि वर चढवलेलं किती, ते शिरवेळच्या खाडीला ठाऊक. आम्ही ऐकलं तसं सांगतो.

त्या काळी शिरवेळ गाव आणि खाडी यांच्या मध्ये एक मोठं खाजण होतं. खाजण म्हणजे खाऱ्या चिखलाचं रान. भरतीला पाण्याखाली जायचं, ओहोटीला वर यायचं. तिवरं आणि कांदळं, ही खाऱ्या पाण्यातली झाडं, त्यात दाटीनं वाढायची, त्यांच्या मुळांत कोळंबी लपायची, बोय मासळीची पिल्लं मोठी व्हायची, आणि गावच्या बायका कमरेला टोपली बांधून शिंपल्यांतली कालवं काढायला जायच्या. पण तो चिखल, त्याला वास यायचा. बाहेरून आलेला माणूस नाकाला रुमाल लावायचा आणि म्हणायचा, एवढी जागा नुसती फुकट गेली.

असाच एक माणूस आला. भार्गव तेंडोलकर त्याचं नाव, बांध घालणाऱ्या कचेरीचा साहेब. उंच, काटक, डोक्यावर टोपी आणि पायात गुडघ्यापर्यंत बूट. माणूस कोकणातलाच, मनानं चांगला, कामाला वाघ. खारं पाणी बाहेर अडवलं की आत भात पिकेल, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यानं तिवरं तोडली, माती ओढली, दगड रचले आणि खाडीच्या तोंडाशी असा बांध घातला, की त्यावरून दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी एकीला खाली उतरावं लागू नये. असं म्हणतात, दर भरतीला समुद्र त्या बांधाला खांदा लावून बघायचा आणि परत जायचा.

गाव खूश होतं, पण भ्यालेलंही होतं. खाडीला कोंडलं, उद्या ती चिडली तर? मग सगळे वेशीवरच्या राखणदाराकडं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या दगडाकडं, गेले. आमच्याकडं कुठलंही मोठं काम राखणदाराला सांगितल्याशिवाय होत नाही. गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा सोनू घाडी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि साहेबाला म्हणाला, बांध तुमचा, तर शब्दही तुम्हीच द्या. तेंडोलकरानं टोपी काढली, दगडावर हात ठेवला आणि शब्द दिला, की मी आहे तोवर खारं पाणी या गावच्या उंबऱ्याला लागणार नाही. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

पहिल्या वर्षी भात बरं आलं. साहेबाला गावानं नारळ दिला, शेला दिला. दुसऱ्या वर्षी भात पिवळं पडलं. मग जमिनीवर गंजासारखा तांबडा थर धरला आणि तिथं गवतही उगवेना. आतलं पाणी कुजलं, डास झाले, तापाची साथ आली. मासा तर असा गेला, की जणू खाडीला सुतक लागलं. होड्या उपड्या पडल्या, तरणी माणसं गाव सोडून निघाली. आणि आधी जी लाट खाजणात शिरून दमून जायची, ती आता बांधावर आपटून बाजूच्या माडांची मुळं खायला लागली.

चंद्रभागा तांडेल म्हणून एक कोळीण होती, बोलायला फटकळ. ती एकदा रिकामी टोपली घेऊन साहेबाच्या वाटेत उभी राहिली. म्हणाली, "सायबानू, पाणी अडवलात, बरा केलात. आता मासो खयसून येतलो, ता पण सांगा." त्या दिवशी साहेब जेवला नाही असं म्हणतात, आणि हे मात्र खरं असावं, कारण माणूस तसाच होता.

त्याच सुमारास कुमुद रेगे नावाची एक बाई शिरवेळला आली. ती चिखलातल्या झाडांचा अभ्यास करायची. डॉक्टर आहे म्हटल्यावर गावातले निम्मे लोक आपापला ताप घेऊन तिच्या दारात येऊन बसले. तिनं बिचारीनं हात जोडून सांगितलं, की मी झाडांची डॉक्टर. तेव्हापासून तिचं नाव पडलं चिखलबाई. ती अनवाणी चिखलात शिरायची, माती हातात घेऊन वास घ्यायची, चिमूटभर जिभेवर ठेवायची. असं म्हणतात, जिथं म्हैस रुतायची तिथून ती चालत जायची आणि घोट्याच्या वर चिखल तिला लागायचा नाही.

तिनं तेंडोलकराला तोंडावर सांगितलं, की खाजण मेलंय, आणि पाणी आत घेतल्याशिवाय ते जिवंत होणार नाही. साहेब म्हणाला, बांध सोडून काय ते बोला. आता बघा, दोघं शिकलेली, दोघं शहाणी, आणि दोघांनी मिळून एक वेडेपणा केला. साहेबाला बांध वाचवायचा होता, बाईला साहेब दुखवायचा नव्हता. म्हणून बांध तसाच ठेवून आत तिवराची रोपं लावायची ठरली. साहेबानं दोरी धरून रांगा आखल्या. रोपं कशी उभी केली, तर शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहतात तशी. वरचे साहेब बघायला आले, वा वा करून गेले. आणि चैत्र सरता सरता एकूण एक रोप वाळलं. गावातली पोरं साहेब दिसला की म्हणायची, काड्यांचं पीक छान आलंय.

तेंडोलकर त्या काड्यांत उभा राहिला. रेगेबाई मागून आली आणि म्हणाली, "चूक माझीही आहे. मला माहीत होतं, पण मी बोलले नाही. साहेब, खाजण माणूस लावत नाही, पाणी लावतं. आपण फक्त वाट द्यायची."

साहेबानं खाली बसून बूट काढले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या चिखलात उघडा पाय ठेवला. चिखल तापलेला होता, कडक होता आणि पायाला चरचरत होता. त्याला फार वाईट वाटलं. ज्या जमिनीला त्यानं जीव लावला तिचाच जीव त्यानं घेतला होता, हे त्याला त्या तळव्यातून कळलं. तो म्हणाला, बांध मी फोडतो.

पण बांध फोडणं म्हणजे काय तोंडचं बोलणं? बांध घालायची परवानगी कुणाकडं मागायची हे ठाऊक होतं, फोडायची कुणाकडं मागायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खाडीचं पाणी एका खात्याचं, चिखल दुसऱ्याचा, झाड तिसऱ्याचं, आणि मासा तर कुणाचाच नव्हता. सगळे साहेब एकमेकांकडं बोट दाखवायचे. शेवटी तेंडोलकरानं सगळ्यांना एकदम शिरवेळला बोलावलं आणि रेगेबाईनं सगळ्यांचे बूट बांधावर काढून ठेवायला लावले. जंगलाचा साहेब, माशांचा साहेब, जिल्ह्याचा मोठा साहेब, सगळे विजारी वर करून चिखलात. एक घसरला, त्यानं दुसऱ्याला धरलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. वर आले तेव्हा कोण कुठल्या खात्याचा हे ओळखू येत नव्हतं. असं म्हणतात, त्यानंतर त्यांच्यात पुन्हा भांडण झालं नाही. मोठ्या साहेबानं होकार दिला, पण बजावलं, की एका जरी घरात पाणी शिरलं तर तेंडोलकर, जबाबदारी तुमची.

गाव मात्र हटून बसलं. गावकऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भात गेलं, मासा गेला, आता घरं आणि गोड्या विहिरी तेवढ्या उरल्या होत्या. शिवाय राखणदारासमोर दिलेला शब्द होता. सोनू घाडी म्हणाला, शब्द ज्यानं बांधला त्यानंच तो सोडवायचा असतो, दुसऱ्याचं ते काम नाही. आणि शब्द मोडणाऱ्याला आम्ही गावात ठेवत नाही.

मग साहेब आणि बाई कामाला लागली. बाईनं जुन्या कातळांवर चिकटून राहिलेल्या कालवांच्या कवच्या शोधल्या, कारण जिथं कवची तिथवर एके काळी भरती यायची. साहेबानं पातळी मोजायची दुर्बीण लावून भरतीचा हिशेब बांधला. दोघांनी वेगवेगळं काम केलं आणि शेवटी एकमेकांना दाखवलं. बाईची कवची आणि साहेबाची दुर्बीण एकाच जागी येऊन थांबली, गावच्या शेवटच्या कुंपणाबाहेर, खाडीच्या बाजूला. तिथं त्यांनी खैराची एक खुंटी ठोकली. मोठ्यातलं मोठं उधाण आलं तरी पाणी इथवर येईल, पुढं नाही.

खुंटी ठोकून सगळे राखणदाराकडं गेले. घाड्यानं दगडाला ओली फुलं लावली आणि कौल मागितला. उजवं फूल पडलं तर देवाचा होकार. फूल पडेना. वारा होता तरी पडेना. लोक कुजबुजायला लागले. तेव्हा तेंडोलकर पुढं झाला आणि आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "म्हाराजा, मी शब्द पाण्याचो दिलंय, बांधाचो नाय. पाणी उंबऱ्याक लागाचा नाय, ह्यो शब्द मी राखतंय. बांध माझो होतो, तो मी तुका परत देतंय."

असं म्हणतात, उजवीकडचं फूल त्याच्या हातावर पडलं.

अमावास्येच्या उधाणाला बांध फोडायचं ठरलं. पहाटेच्या ओहोटीला अख्खं गाव, सगळे साहेब, रेगेबाईनं बोलावलेले तिचे विद्यार्थी, सगळे फावडी घेऊन उतरले. पहिला घाव तेंडोलकरानं घातला. दिवस वर येईपर्यंत बांधाला खिंडार पडलं. मग साहेबानं फावडं टाकलं, चालत चालत खुंटीपाशी गेला, आणि खुंटीच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला, गावाकडं पाठ करून उभा राहिला. गावाला लागायचं तर पाणी आधी मला लागेल, एवढंच तो म्हणाला.

रेगेबाई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. साहेब म्हणाला, तुम्ही मागं व्हा. ती म्हणाली, खुंटी माझीही आहे.

आणि खाडी आली. इतकी वर्षं बाहेर थांबलेली खाडी, ती काय हळू येते? गर्जत आली, तांबडी माती उकरत आली. त्या दोघांच्या घोट्याला पाणी लागलं, मग पोटऱ्यांना, मग गुडघ्याला. मागं बायकांनी पोरं कडेवर घेतली, कुणी तांदळाची मडकी माळ्यावर चढवली, कुणी देव्हाऱ्यातले देव उचलले. चंद्रभागा मात्र टोपली घेऊन काठावर उभी होती. पाणी खुंटीला लागलं. असं म्हणतात, पाण्यानं खुंटीला डोकं टेकवलं, जरा थांबलं, आणि माहेराहून निघालेल्या लेकीसारखं मागं बघत बघत परत फिरलं.

एक थेंबसुद्धा पुढं गेला नाही. आणि परतणाऱ्या पाण्यात साहेबाच्या पायांमधून एक बोय चांदीसारखी उडाली ती थेट चंद्रभागेच्या टोपलीत. हे जरा जास्त होतंय, मलाही कळतं. पण तांडेलांच्या घरी विचारा, ते शपथेवर सांगतील. गाव मात्र ओरडत, नाचत, रडत चिखलात उतरलं आणि साहेबाला खांद्यावर घेतलं. तेंडोलकर लहान मुलासारखा रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

पुढं कुणी एक रोप लावलं नाही. खाडीनं आपलं बियाणं आपणच आणलं. कांदळाच्या लांब शेंगा पाण्यावर तरंगत आल्या आणि चिखलात उभ्या रुतल्या, तिवरं उगवली, मग खेकडे आले, बगळे आले, आणि बायकांच्या टोपल्या पुन्हा जड झाल्या. गेलेली माणसं परतली. रेगेबाई म्हातारी होईपर्यंत दरवर्षी येत राहिली. आणि जेव्हा ते मोठं वादळ आलं, आजूबाजूच्या गावांचे माड आडवे झाले, तेव्हा आमच्या खाजणानं सगळ्या लाटा अंगावर घेतल्या आणि शिरवेळच्या उंबऱ्यापाशी नुसता फेससुद्धा आला नाही.

तेंडोलकर साहेब नोकरी संपल्यावर इथंच राहिला. तो गेला त्या दिवशी ना अमावास्या होती ना उधाण, तरी पाणी खुंटीपर्यंत आलं, तिला शिवलं आणि परत गेलं, असं म्हणतात.

खुंटी केव्हाच कुजली. तिच्या जागी गावानं जांभ्याचा दगड बसवलाय, त्याला आम्ही साहेबाची खुंटी म्हणतो. राखणदाराच्या वर्षाच्या राखणीच्या दिवशी ओहोटीला लहानथोर सगळे मिळून खिंडारात गुडघाभर मातीचा बांध घालतात, आणि भरती येऊन तो मोडते तेव्हा ढोल वाजतात. तालुक्याला नवा साहेब आला, मग तो कुठल्याही खात्याचा असो, की त्याला आधी बूट काढायला लावतात आणि गावाकडं पाठ करून खुंटीपाशी उभं करतात. पाय भिजेपर्यंत हलायचं नाही. काही कुरकुर करतात. पण भिजल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आणि घाड्याचा वंशज तिथं उभा राहून गाऱ्हाणं घालतो. त्यात बाकी सगळं इतर गावांसारखंच असतं, पोराबाळांची राखण कर, होडी सुखरूप आण. शेवटची ओळ तेवढी फक्त आमची आहे.

"अडलेल्या पाण्याक वाट गावंदे, आणि दिलेल्या शब्दाक माणूस गावंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"